आम्ही आईला काही करू देत नाही

॥ श्री ॥

रेल्वे कॉलनी, दौंड
९ जुलै २०२३

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर आपण दोघंही समोरच्याचं अर्धं ऐकतो आणि उत्तर मात्र पुरतं देतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. आप्पांच्या वर्षश्राद्धाला आचारी कोणता सांगायचा यावरून आपण जे बोललो, ते कागदावर लिहायला दोघांचाही हात धजला नसता. सिग्नल खात्यात दिवसभर हातात पाना असतो, त्यामुळे अक्षर असं आहे. मास्तरीण बाईंनी लाल शाई काढू नये.

कळवायचं ते हे की मळ्यातली शेवंती यंदापासून बंद केली. विहिरीखालचं सगळं रान उसाला दिलं, लागणही झाली. पाणी-खत शेजारचा पप्पू बघेल आणि दीड वर्षानं कारखान्याची टोळी येऊन ऊस तोडून नेईल. आईला बांधावर पाय ठेवायचंही कारण उरलं नाही. गिताबाई, तिची जाऊ आणि आई यांची ती सावड, म्हणजे आज हिच्या फुलांचा तोडा, उद्या तिच्या, परवा आपल्या, त्यातूनही ती सुटली. उजाडायच्या आत कमरेला ओटी बांधून दवात उभं राहायचं हे काय वय आहे?

खरं सांगू, गेल्या महिन्यात आमचे साहेब शिरूरच्या रस्त्यानं गेले. त्यांना आई रानात वाकलेली दिसली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते सहज म्हणाले, तुमच्या मातोश्री अजून कष्ट करतात वाटतं. बोलण्यात वाईट काही नव्हतं. मला मात्र चहा गेला नाही.

आईनं फार विरोध केला नाही. एवढंच म्हणाली की मग मी सकाळच्या पारी करू काय? मी म्हटलं, बस की. आयुष्यभर बसली नाहीस.

पाहुण्यांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

शिरूर
२० जुलै २०२३

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लाल शाई काढली नाही, पण ‘लागण’मधला ण दोनदा वाचावा लागला.

ऊस लावलास ते बरं केलंस. मी हे मनापासून लिहिते आहे. आई वाकून उभी राहताना कमरेवर हात ठेवते ते मला बघवत नाही. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला ती आली होती. तेव्हा तिच्या बोटांना शेवंतीचा हिरवा-काळा डाग होता आणि मी तिला हात पदराखाली घे असं खुणेनं सांगितलं होतं. तिनं घेतला. असं सांगणारी मुलगी ऊस लावू नकोस असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

एकच विचार मनात आला, तो लिहून टाकते. रविवारी मळ्यात गेले होते. सकाळी गिताबाई बांधावरून गेली आणि सवयीनं तिनं आईला हाक मारली. आई पाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. गिताबाईही थांबली. मग दोघी हसल्या आणि गिताबाई पुढं गेली. एवढंच झालं. पण आई पाटी घेऊन बराच वेळ तिथंच उभी होती. होईल सवय. मोठा टीव्ही पाठवतो म्हणाला होतास, तो लवकर पाठव.

वहिनीला आणि सार्थकला आठवण सांग. प्रेम कमी करू नकोस, उपदेश केलास तरी चालेल.

तुझी,
सारिका

मळा
२ फेब्रुवारी २०२४

चि. सारीस आईचा आशीर्वाद.

तुजं पत्र भेटलं. पत्र लिहितीस ते लई बेस करतीस. फोनवर तू काय बोलतीस त्यातलं मला निम्मं उमगत न्हाई, मी आपली हां हां करती. कागद कसा, परत परत वाचता येतो. चवथी शिकलेली हाय मी, तुज्या आप्पांपरीस एक यत्ता जास्ती.

मी बरी हाय. दादानं टीव्ही धाडला. मानसं लई भांडत्यात त्यात. आवाज मोठा केला तरी वटवट नुसती, बोल कळत न्हाईत. दुपारी डोळा लागतो आन् रातीला टक्क जाग. सार्थकची परीक्षा कवा हाय?

गिताबाईच्या फुलांना बहर हाय. तिला म्हनलं, मी येती तोडायला. तर म्हनली, ये की रंगू, पन तुजी फेड मी कशात करू, उसात? समद्या हसल्या. मी बी हसले. ती काय चुकीचं न्हाई बोलली. फेड घ्यायची न्हाई म्हंजी त्या बाईला मिंधी करायची. आन् रोजानं जावं तर जालूची, तुज्या दादाची, मान खाली जाईल. रेल्वेतल्या मानसाची आई रोजानं जाती म्हनतील. म्हनून जात न्हाई. बांधावर उभी ऱ्हाती जरा. त्यास्नी वाटतं मी बघाया आले, म्हनून त्या बी सवरून बोलत्यात. मग मी परत येती.

ऊस मातला हाय. आत शिरलं की मानूस दिसत न्हाई.

सार्थकची परीक्षा कवा हाय ते कळव. जीव लावतीस तसा लावत ऱ्हा.

तुजी आई
रंगुबाई

॥ श्री ॥

दौंड
२१ एप्रिल २०२४

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

आईला काल इकडं घेऊन आलो. तुला आधी विचारायला हवं होतं, पण पप्पूचा फोन आला आणि मी तसाच निघालो. आई गॅसवर दूध ठेवून बाहेर गेली होती. पातेलं जळून काळं झालं, घरात धूर झाला. पप्पूला ती उसाच्या कडेला सापडली. तिनं त्याला विचारलं की बायका कुठल्या रानात गेल्या. फुलांचा हंगाम तर कधीच संपला होता.

आता काळजी नाही. तुझ्या हर्षदावहिनीनं तिला गॅलरीजवळची खोली दिली आहे. तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. आई लसूण सोलायला बसली तर हर्षदा हातातून घेते आणि म्हणते, आई, तुम्ही बसा, लोक मला काय म्हणतील? कॉलनीतल्या बायका आईला म्हणतात, नशीब काढलंत. आई मान डोलावते.

तिला रात्री झोप येत नाही म्हणून मेडिकलवाल्याकडून अर्धी गोळी आणली आहे. आता सकाळी उशिरापर्यंत शांत झोपते. मलाच बरं वाटतं बघून.

ती तेच तेच विचारते. वय झालं, दुसरं काय. तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस आणि भावावरचा विश्वास ढळू देऊ नकोस.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

शिरूर
२४ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राखीला येऊन गेले, त्यानंतर हे पत्र तीनदा लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात वहिनीला दोष दिला होता, दुसऱ्यात तुला आणि तिसऱ्यात स्वतःला. तिसरंच खरं होतं, पण त्यात मला जरा आनंदही होत होता. स्वतःला दोष देऊन मोकळं होण्याचा असतो ना, तसला. म्हणून तेही फाडलं. आता फक्त जे पाहिलं ते लिहिते.

जेवताना सार्थकनं त्याच्या सरांची नक्कल केली. आपण सगळे हसलो. आई आपल्याकडं बघून, जरा मागाहून हसली. तू तिला विचारलंस, आई, भात वाढू का? ती म्हणाली, व्हय, बरी हाय. तू माझ्याकडं बघून कपाळाला बोट लावलंस. दादा, तिला ते ऐकूच आलं नसेल तर? मी नंतर तिच्या अगदी समोर बसून, तोंड दिसेल असं बोलले. बऱ्याच गोष्टींची तिनं नीट उत्तरं दिली. सगळ्यांची नाही. वहिनीचं नाव तिला सुचेना, आणि ते सुचत नाही हे मला कळू नये म्हणून ती ‘ही आपली बाई’ म्हणाली.

दुसरं. मी आणलेल्या मेथीची जुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं आपोआप चालू लागली. मग वहिनी आली आणि हसत जुडी घेऊन गेली. तिचं काही चुकलं नाही. माझ्या सासूबाई असताना मीही हेच केलं असतं आणि शेजारणीला ऐकू जाईल असं केलं असतं. पण जुडी गेल्यावर आईची बोटं थोडा वेळ तशीच हलत राहिली.

पुण्यात कुणातरी चांगल्या डॉक्टरांना दाखवू या. गोळी कुणी लिहून दिली होती का? तेही विचार. मी रजा काढते म्हटलं तर तू मी आहे ना म्हणशील, म्हणून तूच ने. रागावलास तरी बोलणं सोडू नकोस.

तुझी,
सारिका

॥ श्री ॥

दौंड
१३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आईला चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. आईनं एक सांगितला. घड्याळाचे सगळे आकडे तिनं एका बाजूला काढले आणि अपराध्यासारखी हर्षदाकडं बघत राहिली.

मग बाईंनी मला विचारलं, या दिवसभर काय करतात?

सारिका, मी हसून, अभिमानानं सांगितलं, काही नाही मॅडम, आम्ही त्यांना काही करूच देत नाही. हर्षदानंही मान डोलावली. बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. आणि याआधी काय करायच्या, म्हणाल्या. मी सावडीचं सांगायला लागलो. कसं उजाडायला चालत जायचं, कुणाचा तोडा कुणावर फिटायचा आहे ते सगळं तोंडपाठ ठेवायचं, बायकांच्या गप्पा, भांडणं, गाणी. सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझं कानांचं म्हणणं खरं निघालं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं आणि हे बरीच वर्षं असणार. ऐकू न येणारं माणूस बोलणं सोडतं आणि मग डोकंही हळूहळू हात आखडतं, असं त्यांनी सांगितलं. यंत्र बसवायचं आहे. रक्तदाबही वाढलेला होता, आपल्याला कुणालाच माहीत नव्हता. झोपेची गोळी मनानं दिली म्हणून मात्र बोलणी खाल्ली. ती हळूहळू बंद करायची आहे. दिवसा झोपू द्यायचं नाही, रोज चालवायचं, माणसांत ठेवायचं, हाताला काम द्यायचं.

मी विचारलं, ती पूर्वीसारखी होईल का? त्या म्हणाल्या, गेलंय ते परत येईल असं धरून चालू नका, आहे ते राखा. विसरण्याचा आजार सुरू झालेला आहे.

जिना उतरताना आईनं माझा हात धरला आणि विचारलं, पास झाले का रं मी?

यापुढं लिहवत नाही. आहे तसा भाऊ पदरात घे.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

शिरूर
२७ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रात्रभर एकच हिशोब करत बसले की शेवंती राहिली असती तर हे झालं असतं का? डॉक्टरांना फोन करून हेच विचारलं. त्या म्हणाल्या, तसं कुणी सांगू शकणार नाही. कष्ट करणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो. कदाचित झालाच असता, कदाचित उशिरा, कदाचित इतका जोरात नाही. म्हणजे आपण दोषी आहोत हेही नक्की नाही आणि नाही हेही नाही. आता हे असंच घेऊन राहायचं.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती मागते. ऊस डिसेंबर-जानेवारीत जाईल. तू खोडवा ठेवशील, सगळेच ठेवतात. लागण नको, मेहनत नको, दुसऱ्या वर्षीचा ऊस आयता. तो ठेवू नकोस. खोडक्या काढून टाक आणि घराजवळच्या पट्ट्यात शेवंती लाव. सगळं रान नको, एका सकाळी चार बायकांना पुरेल एवढंच. गिताबाई काल बाजारात भेटली. मी विचारलं, आईला परत घ्याल का? ती माझ्यावर उखडली. म्हणाली, आमी कवा काढली व्हती तिला? तुमीच तिचं रान काढून घेतलं. फुलं लावा, आमी येतो, मग ती बी येईल, उपकाराचं काय न्हाई त्यात. आईला दानानं कामाला नेलं तर ती जाणार नाही, दादा. तिचं रान असलं तरच ती सावडीत आहे.

तोवर तिला माझ्याकडं ठेव. आमच्या गल्लीत दुपारी बायका ओट्यावर भाज्या निवडत बसतात. तिला घरापुढं भाजी निवडताना पाहून कुणी मला नावं ठेवली तर ठेवू देत. तुझ्या साहेबांनीही ठेवली तर तू चहा पी.

मागणं मोठं आहे हे कळतं. मोठ्या भावाकडंच मागणार. कृपा नको, होकार दे.

तुझी,
सारिका

॥ श्री ॥

दौंड
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सारिकास,
अनेक आशीर्वाद.

ऊस गेला. तुला इतके दिवस होकार कळवला नाही, कारण होकार होत नव्हता. गाडीमागं गाडी भरून जाताना बघून वाटलं, एवढ्या चांगल्या उसाचा खोडवा मोडायचा? पप्पू तोंडावर म्हणाला, दादा, म्हातारीचं डोकं गेलंय की तुमचं? मी त्याच्या अंगावर ओरडलो आणि मग तिथंच बांधावर बसलो. रान मोकळं झाल्यावर आपल्या घराच्या उंबऱ्यावरून गिताबाईचं सगळं शिवार दिसतं. उसाच्या पाचटात बसल्यावर कळलं की इकडं आणेपर्यंत आईला त्या दारातून नुसती उसाची भिंत दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घातला. सगळंच मोडलं. पट्टा शेवंतीला आणि बाकी भाजीपाल्याला ठेवला आहे. शेवंतीच्या काश्या, म्हणजे मुळाशी येणारे फुटवे, उन्हाळ्यात लावू.

यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी ऐकून आई दचकली, मग पंखा, मग चपलांचा आवाज. म्हणाली, घर लई बोलतंय. हर्षदा तिच्यापुढं लसणाचं ताट ठेवून आत जाऊन रडली. ते मी पाहिलं, हे तिला सांगू नकोस. शनिवारी आईला तुझ्याकडं आणतो.

उशीर केला त्याबद्दल बोल लाव, पण ओढ राहू दे.

तुझा,
दादा

शिरूर
जून

चि. जालूस आशीर्वाद.

सारीनं कागद दिला, म्हनली रोज चार वळी लिव. म्हनून लिवती.

मी बरी हाय. हितं बायका चांगल्या हायेत. काल गवार मोडली. कानात यंत्र हाय, ते रातीला काढती. बायका बोलत्यात ते कळतं. एक बाई दुसरीला म्हनली, म्हातारी विसरती. मला ऐकू आलं. पयलं बरं व्हतं, ऐकू येत नव्हतं.

आप्पास्नी म्हनावं, विहिरीवरची दोरी जीर्न झालीया, बदला. तू सारीला पाठीवर घेऊन विहिरीत पोहू नको.

सारीनं कागद दिला म्हनून लिवती. मी बरी हाय.

तुजी आई

॥ श्री ॥

शिरूर
१६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला ड्युटीमुळं येता आलं नाही आणि फोनवर मी नीट सांगू शकले नाही, म्हणून आजचा तोडा जसा झाला तसा लिहिते.

उजाडायला आम्ही मळ्यात पोहोचलो. गिताबाई, तिची जाऊ आणि सून आधीच येऊन थांबल्या होत्या. शेवंती अशी फुलली आहे की घरात शिरण्याआधी वास येतो. मला वाटलं होतं, आई उंबऱ्यावर थांबेल. ती थांबली नाही. पदर खोचला, ओटी बांधली आणि सरळ सरीत शिरली. दादा, तिचे हात बघायला हवे होतेस. कोणतं फूल घ्यायचं, कोणतं दोन दिवस राहू द्यायचं, हे बोटांना ठाऊक होतं. मी मागं पडले तशी तिनं मला सुनावलं की मास्तरीण हायस तर खडू धर, फुलं चुरगाळू नको. सगळ्या हसल्या आणि ती त्यांच्याबरोबर हसली, मागाहून नाही. गिताबाईनं गाणं काढलं, आईला पहिल्या दोन ओळी आल्या, पुढं ती नुसती गुणगुणली. मी डोळे पुसले आणि मनात म्हणाले, मिळाली परत.

पाट्या भरून झाल्यावर आई बांधावर आली. पदर झटकला, सगळ्या रानावरून नजर फिरवली. मग गिताबाईला विचारलं, रान कुणाचं हाय गं? निगा झ्याक राखलीया.

मी पुढं झाले. तुझंच आहे आई, असं माझ्या ओठांवर होतं. गिताबाईनं माझं मनगट दाबलं आणि आईला म्हणाली, हायेत वळखीतलीच मानसं. आईनं मान डोलावली. म्हणाली, मग त्यास्नी सांगावा धाड. आज आमी त्यांच्यात आलो, आता त्यांनी उद्या माझ्यात यायचं. माझी बी शेवंती आलीया तोडाया. फेड बुडवू नका म्हनावं.

न्हाई बुडवत, येत्यात की, गिताबाई म्हणाली.

घरी येताना आई खूश होती. तिच्या शेवंतीचं, तिच्या सावडीचं बोलत होती. तिचं रान तिला परत द्यायला आपण दोन वर्षं उशिरा गेलो, एवढंच गाडीत माझ्या डोक्यात येत होतं. आता शेवंती आहे, बायका आहेत, सावड आहे. ती मात्र कुठल्यातरी दुसऱ्या रानाची मालकीण आहे आणि तिथं मला जाता येत नाही. तरी रात्री गोळीवाचून झोपली, हेही लिहायला हवं. उगाच सगळं काळं रंगवू नये.

उद्या सकाळी आम्ही सगळ्याजणी परत त्याच रानात जाणार आहोत, तिच्या शेवंतीचा तोडा म्हणून. गिताबाईनं तसं ठरवलं आहे. रजा मिळाली तर पुढच्या तोड्याला तूही ये. ती तुला ओळखेलच असं नाही. पण पाटी उचलायला सांगेल, तेव्हा ‘राहू दे आई, तू बस’ असं म्हणू नकोस. तिच्याबरोबर पाटीला हात लाव.

वहिनीला नमस्कार. आपल्या दोघांत आता चुकांची वाटणी नको, माया तेवढी समान ठेवू.

तुझी,
सारिका